शेवटी झोपणाऱ्याची जागा

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेला, नांदेडच्या शिवेला लागून असलेला जळकोट हा बालाघाटाच्या डोंगरांतला तालुका. शेतातल्या घराला इकडं आखाडा म्हणतात. आखाड्याशेजारी पाहुण्यांसाठी छोटं घर बांधायचं आणि सुट्टीत ते एखाद्या कुटुंबाला भाड्यानं द्यायचं, हा विचार आता मराठवाड्यातही मूळ धरतो आहे. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यामुळं त्याला बळ मिळालं. पुण्या-मुंबईला, हैदराबादेला स्थिरावलेली माणसं दिवाळीत, उन्हाळ्यात, लग्नसराईत गावाकडं येतात. कुणी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसाठी, कुणी उदगीरचा किल्ला आणि हत्तीबेट बघायला.

असं घर बांधताना पाण्याची टाकी, संडास, स्वयंपाकघर, भिंतींचा रंग यांवर घरात पुष्कळ चर्चा होते. झोपायची सोय मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात उभ्या उभ्या ठरते. दोन डबलबेड घ्यायचे आणि उरलेल्यांना गाद्या टाकायच्या, एवढाच तो विचार. मला वाटतं, पाहुण्यांची सुट्टी सुखाची जाणार की कुरकुरीची, हे सगळ्यात जास्त याच गोष्टीवर ठरतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे, म्हणून त्या इथं समोरासमोर बसवल्या आहेत. मामा निवृत्त शिक्षक, आता पूर्णवेळ शेतकरी. आखाड्यावरचं घर ते बांधणार आहेत. भाची पुण्यात घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते. दोघंही कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र असं घर बांधणाऱ्या कुठल्याही कुटुंबात होऊ शकतो.

मामा : माझा हिशेब सरळ आहे, माय. सोळा बाय वीस फुटांचा एकच हॉल बांधायचा. माणसाला निजायला सहा बाय तीन फूट जागा पुरते. वीस फुटांच्या एका भिंतीकडं उसं करून सहा गाद्या, समोरच्या भिंतीकडं सहा. मधी चार फुटांची वाट. बारा माणसं निजली. सकाळी गाद्या उचलल्या की तोच हॉल पंगतीला मोकळा. पलंग घेतला की तो दिवसभर जागा अडवून राहतो.

भाची : बारा गाद्या मावतात, हे खरं आहे मामा. पण तुमच्या लांब भिंती दक्षिणेला आणि उत्तरेला येतात. म्हणजे एका रांगेचं डोकं उत्तरेकडं. आपल्याकडं कुणी तसं निजेल का? ती सहा माणसं उलटी फिरणार, पाय भिंतीकडं आणि डोकी वाटेवर. मग रात्री पाणी प्यायला उठलेला प्रत्येक जण त्यांच्या उशाजवळून पाय टाकत जाणार.

मामा : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भिंतींची दिशा बदलता येईल. पण तुझं काय म्हणणं आहे, ते तर सांग.

भाची : तीन खोल्या. प्रत्येकीत सहा बाय साडेसहा फुटांचा किंग साइज पलंग. एका खोलीत मुलांसाठी दुमजली पलंग. प्रत्येक खोलीला दार आणि आतून कडी. सहा मोठी माणसं आणि दोन मुलं, एवढीच घ्यायची. पण ती आठही नीट झोपली पाहिजेत.

मामा : तीन मोठे पलंग म्हणजे तीन जोडपी, असं तू धरून चाललीस. आपल्याकडं सुट्टीला कोण येतं, ते बघ. म्हातारी आई. तिचा थोरला मुलगा आणि सून. धाकटा, अजून लग्न न झालेला. माहेराला आलेली लेक, तिची दोन लेकरं. आणि एक आत्या. झाली आठ माणसं आणि त्यात जोडपं एकच. आता यांना तुझ्या पलंगांवर बसव. आई आणि आत्या एका गादीवर निजल्या तर एकीनं कूस बदलली की दुसरी जागी होणार. लेक दोन लेकरांना घेऊन दुसऱ्या पलंगावर. जोडप्याला तिसरा. धाकट्यानं काय पोरांच्या पलंगावर पाय दुमडून निजायचं? उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं साहित्य संमेलन झालं. अशा वेळी तिघं मित्र मिळून येतात. ते एका डबलबेडवर निजतील का? डबलबेड घेतला की कुणी कुणाशेजारी निजायचं, हे तू दुकानातच ठरवून टाकतेस.

भाची : हा मुद्दा मान्य. जोडपी मोजून पलंग घेतले तर आपली कुटुंबं त्यांत बसत नाहीत. मग सगळे पलंग सुटे घेऊ. तीन फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब. दोन शेजारी लावले की जोडप्याची सोय झाली. लेक आणि तिची लहान मुलंही त्यावर मावतात. वेगळे करून दोन भिंतींकडं सरकवले की आई एकीकडं, आत्या एकीकडं. जोडताना पलंगांचे पाय एकमेकांना पट्ट्यानं घट्ट बांधायचे, नाहीतर मधली फट वाढत जाते आणि मूल त्यात अडकतं. दोन्ही गाद्यांवर मिळून एक जाड वाकळ अंथरली की मधली शिवण टोचत नाही.

मामा : पलंग सुटे झाले, हे बरं झालं. पण मुळात पलंगच कामून? आपण सगळे खालीच निजून मोठे झालो. वाड्यात कुणाला स्वतःची खोली नव्हती. पुरुष दाराजवळच्या ढाळजेत, बायका माजघरात, उन्हाळ्यात पोरं छतावर, माळवदावर. चुलत-मावस भावंडं एका सतरंजीवर निजली, म्हणून आज साठीतही एकमेकांच्या घरी हक्कानं जातात. सुट्टीला माणसं एकत्र येतात ती कशासाठी? खोल्यांत शिरून कड्या लावायला?

भाची : मामा, तुम्ही वाडा सांगता आणि बांधता हॉल. वाड्यात एकच मोठी जागा नव्हती. ढाळज, ओसरी, माजघर, माळवद अशा चार जागा होत्या आणि कुणी कुठं निजायचं ते ठरलेलं होतं. बाळंतीण आतल्या खोलीत. म्हातारा माणूस दाराजवळ, कारण त्याला रात्री उठावं लागायचं. सुनेला सासऱ्यासमोर आडवं व्हावं लागू नये, याची काळजी त्या रचनेतच होती. एका हॉलमध्ये बारा गाद्या टाकल्या की ती सगळी काळजी नाहीशी होते. थोरल्या सुनेनं सासरे आणि दीर निजलेल्या खोलीत कसं निजायचं? ती रात्रभर पदर सावरत पडेल आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठेल. तिची सुट्टी झाली का ती?

मामा : ते खरं आहे. वाड्यात जागा वाटून दिलेल्या होत्या. मी फक्त माळवदावरची रात्र लक्षात ठेवली.

भाची : आता म्हाताऱ्या माणसांचं बघा. गुडघ्याचं दुखणं नसलेली साठीच्या पुढची बाई आपल्या नात्यात दाखवा. जमिनीवरच्या गादीवरून उठायचं म्हणजे आधी कुशीवर व्हायचं, मग हाताला जोर देऊन गुडघ्यावर यायचं, मग कशाचा तरी आधार धरून उभं राहायचं. रात्री अंधारात, परक्या घरात, झोपेच्या भरात हे करताना तोल जातो. म्हातारपणी मांडीचं हाड मोडलं की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. पलंग गादीसकट दीड फुटाच्या आसपास उंच असला की पाय जमिनीला टेकतात आणि सरळ उभं राहता येतं. त्याहून फार उंच केला तर पाय लोंबकळतात, तेही वाईट. आणि ज्या खोलीत संडास लागून आहे, ती खोली म्हाताऱ्यांचीच. बघायला कितीही सुंदर दिसली तरी ती नव्या जोडप्याला द्यायची नाही.

मामा : जमिनीवर निजण्याबद्दल मीच एक गोष्ट तुझ्या बाजूनं सांगतो. आखाडा आहे हा, गावठाण नाही. पावसाळ्यात मण्यार फिरते. मण्यार रात्री निघते. तिचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. खाली निजलेल्या माणसाला झोपेतच चावते आणि पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, म्हणून तो उठतो, तोवर उशीर झालेला असतो. विंचवाचंही तसंच. दगडाच्या भिंती आणि बांध असले की लाल विंचू असतोच. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन औषधाचा उपयोग जगाला दाखवला आणि माणसं वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध आहे म्हणून दंश ओढवून घ्यायचा नसतो. पाहुण्यांना खाली निजवायचं असेल तर पावसाळ्यात तरी नको.

भाची : मग खालच्या गाद्यांचा विषयच संपला. पलंग उघड्या पायांचे घ्यायचे. सामान ठेवायच्या पेटीचे नकोत, कारण त्यांच्याखाली झाडू जात नाही आणि आत काय शिरलं ते दिसत नाही. पलंग भिंतीपासून वीतभर लांब. प्रत्येकाला मच्छरदाणी आणि ती चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. चादर जमिनीपर्यंत लोंबू द्यायची नाही.

मामा : आणि बाज? तिला कामून विसरलीस? जमिनीपासून वर, एका माणसाला उचलता येते, कुठंही टाकता येते. उन्हाळ्यात लातूरकडं पारा चाळिशी ओलांडतो. रात्री सिमेंटची भिंत तापलेली असते आणि तुझ्या खोलीतला पंखा गरम हवाच फिरवतो. तव्हा बाज अंगणात टाकली की खालून-वरून वारा लागतो. अंबाडीच्या दोरीनं विणलेली बाज सैल पडली तर पायथ्याकडची दोरी ओढून ताणता येते. पलंगाची फळी वाकली तर सुतार शोधावा लागतो.

भाची : बाजेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सगळ्यांना बाज देण्याला. बाज मधोमध झोळ धरते. पाठीचं दुखणं असलेल्याला किंवा गरोदर बाईला तिच्यावर रात्र काढता येत नाही. कडेवर बसून उठतानाही मांडीला लाकूड रुततं. तरण्या पोरांना, कॉलेजच्या मुलामुलींना, दहा-बारा वर्षांच्या लेकरांना बाज उत्तम. मी तर म्हणते, ओसरी मोठी करा, तिला बारीक जाळी आणि जाळीचं दार लावा आणि बाजा तिथं टाका. हवाही मिळेल, डास आणि सापकिरडूही बाहेर राहतील. चांदण्यात निजायचं असेल त्यानं बाज उचलून अंगणात न्यावी, मच्छरदाणीसकट.

मामा : आता खरं बोललीस. ओसरी माझी, खोल्या तुझ्या. मग पोरांचा दुमजली पलंग कशाला हवा? मला तो पटत नाही. सरकारी बांधकाम संहिता राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची सांगते, म्हणजे नऊ फूट. आपल्याकडं छताला पंखा असतोच आणि मे महिन्यात तो सगळ्यात जोरात फिरतो. वरची गादी पाच फुटांवर धर. तिथं चार फुटांचं पोरगं उभं राहिलं तर त्याचं डोकं आणि हात कुठं जातील?

भाची : दुमजली पलंगाचा हा धोका दुकानदार सांगत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वरच्या मजल्यावर निजवू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. वरच्या मजल्याला भिंतीच्या बाजूनंही कठडा लागतो, कारण मुलं फटीतूनही घसरतात. आणि आपल्या कमी उंचीच्या खोलीत छताचा पंखा असेल तर दुमजली पलंग नकोच. मुलांना त्याची मजा वाटते म्हणून मी तो घातला होता. पण ओसरीवर बाजा असतील तर मजा तिथंच आहे. सोडून देते.

मामा : आता गादी. मी कापसाचीच घेणार. मराठवाड्यात कापूस पिकतो. नांदेडच्या संशोधन केंद्रानं काढलेलं नांदेड-४४ वाण माझ्या बापानं याच रानात घेतलं होतं. कापसाची गादी उन्हात टाकली की हलकी होते, दबली की पिंजून पुन्हा भरता येते. फोमची गादी उन्हाळ्यात पाठ भाजते.

भाची : उन्हाळ्यासाठी कापूस, हे बरोबर. पण घरची गादी दहा वर्षांनी पिंजली तरी चालते, भाड्याच्या घरातली चालत नाही. वेगवेगळ्या वजनाची माणसं येतात, मधे खळगा पडतो. म्हाताऱ्यांच्या खोलीत खाली काथ्याची कडक गादी आणि वर कापसाचं पातळ अंथरूण ठेवा. बाकी ठिकाणी तुमचा कापूस. आणि प्रत्येक गादीला धुता येईल अशी खोळ हवीच. वाकळ आणि गोधडीलाही खोळ हवी. जुन्या लुगड्यांची हातानं टाचलेली गोधडी पाहुण्याला दिली की त्याला मायेचं वाटतं, पण ती दर पाहुण्यामागं धुता येत नाही. खोळ धुता येते. पांघरायला सोलापुरी चादर ठेवा. धुवायला सोपी, टिकायला घट्ट, थंडीत दोन एकावर एक घेतल्या की पुरतात.

मामा : धुणं म्हटलंस म्हणून सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. जलदूत म्हणायचे त्या गाडीला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ज्या जिल्ह्यानं ते दिवस बघितले तिथं रोज बारा चादरी धुवायच्या म्हणजे मनाला लागतं. सुट्या पलंगांचा मला इथंही फायदा दिसतो. डबलबेडवर एकटा निजला तरी सगळी मोठी चादर धुवावी लागते. सुट्या पलंगावर जेवढी माणसं निजली तेवढ्याच चादरी.

भाची : आणि पाहुण्यांना आधीच सांगायचं की चादरी रोज बदलणार नाही, दोन-तीन रात्रींनी बदलू. कारण सांगितलं की माणसं समजून घेतात. नव्या पाहुण्याला मात्र अंथरूण धुतलेलंच मिळालं पाहिजे. पाण्याचं कारण सांगून दुसऱ्यानं वापरलेली चादर पुढच्याला देणं मला मान्य नाही.

मामा : मलाही नाही. अजून एक गोष्ट राहिली, आणि ती आमच्या पिढीला विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निजले होते. भूकंपानं किल्लारी आणि आसपासच्या गावांत जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर कित्येक रात्री जिल्हाभर लोक अंगणात, रानात निजले. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा नांदेडपर्यंत माणसं घराबाहेर आली. म्हणून माझ्या घरात उशावर लोखंडी कपाट, दगडी फडताळ, सामानाचा माळा काहीही नको. पलंग दाराआड येता कामा नये. दार पूर्ण उघडलं पाहिजे आणि अंधारात दोन पावलांत ओसरीवर येता आलं पाहिजे.

भाची : हे मी माझ्या प्रत्येक नकाशात घेईन. खोली दहा बाय दहाची धरली तर जोडलेले दोन पलंग सहा फूट घेतात. भिंतीकडची वीत सोडूनही तीन फुटांवर जागा मोकळी राहते, दार तिकडं ठेवायचं. पलंग वेगळे केले तरी मधी अडीच फूट राहतातच. अशा तीन खोल्या एका ओळीत म्हणजे तीस फूट. पुढं तीस बाय आठ फुटांची ओसरी. तिच्यात चार बाजा एकामागं एक लावल्या तर पंचवीस फूट जातात आणि येण्याजाण्याची वाट मोकळी राहते. सहा पलंग, चार बाजा.

मामा : म्हणजे दहा. माझे बारा होते.

भाची : मामा, एक विचारते. आपल्या घरात सगळे जमले की सगळ्यात शेवटी कोण निजतं?

मामा : तुझी मामी. भांडी आवरून, दूध झाकून, विरजण लावून.

भाची : आणि ती कुठं निजते?

मामा : जिथं जागा उरेल तिथं. बहुतेक स्वयंपाकघराच्या दाराशी. गादी उरली तर गादीवर, नाहीतर दुमडलेल्या चादरीवर.

भाची : तुमच्या हॉलचा मोठा गुण तुम्ही सांगितलात की त्यात कुणीही मावतं. एक माणूस जास्त आला की सगळे थोडे सरकतात. पण खरं तर सगळे सरकत नाहीत. जे आधी निजलेत ते निजलेलेच राहतात. जास्तीच्या माणसाची जागा शेवटी निजणाऱ्याच्या वाट्यातून जाते. ती जवळपास प्रत्येक घरात बाईच असते, आणि बहुतेक वेळा सून. बारा माणसांच्या हॉलमधली बारावी जागा तिची असते आणि ती कधीच पूर्ण तीन फुटांची नसते. सुट्टीवर आलेल्या कुटुंबातही स्वयंपाक, मुलांचं निजवणं, आवराआवर तिच्याकडंच असते. दिवस घरच्यासारखाच गेला आणि रात्रीही उंबऱ्याजवळ काढायची असेल, तर तिनं भाड्याच्या घरात यावं कशाला?

मामा : तुझं म्हणणं जड जातं, पण खोटं नाही. फक्त एवढं सांगतो की तुझ्या पलंगांनीही हा प्रश्न सुटत नाही. दहा जागा आहेत आणि अकरा माणसं आली, तर पलंगावर कोण निजणार आणि खाली कोण? पुन्हा तीच खाली. उलट पलंगवाल्यांच्या आणि तिच्यात फरक आणखी ठळक दिसणार. हॉलमध्ये निदान सगळे खाली असतात.

भाची : म्हणूनच आकडा ठरवून तो पाळला पाहिजे. दहा म्हणजे दहा. पुरी गादी, उशी, खोळ, पांघरूण, मच्छरदाणी अशा दहा जागा असतील तर दहाच माणसं घ्यायची.

मामा : अकरावा आला तर त्याला दारातून परत पाठवू? मला ते जमायचं नाही. आपल्या भागात असं कुणी केलेलं मी बघितलं नाही.

भाची : परत नका पाठवू. पण त्याची तयारी आधीच करा. आणखी एक बाज आणि तिचं सगळं अंथरूण बांधून ठेवा. अकरावा आला की ती टाकायची. 'बघू, जमवून घेऊ' म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, कारण जमवून घ्यायचं ओझं नेहमी त्याच एका माणसावर पडतं. आणि घर ठरवताना पाहुण्यांना फोनवर विचारायचं: कोण कोण येणार, गुडघ्याचा त्रास कुणाला, तान्हं मूल आहे का, कुणी गरोदर आहे का, रात्री जोरात घोरणारं कुणी आहे का. मग ते येण्याआधी पलंग जोडायचे की वेगळे करायचे, ते तुम्हाला ठरवता येईल. मोठ्या हॉटेलात असं विचारत नाहीत. तुम्ही घरच्या माणसासारखं विचारू शकता.

मामा : आणि माझी माळवदावरची रात्र? भावंडांच्या गप्पा?

भाची : ओसरी त्यासाठीच आहे. जेवणं झाली की तिथं सतरंजी टाका, सगळ्यांना बसवा, रात्री कितीही वाजेपर्यंत बोलू दे. ज्या मुलांना एकत्र निजायचंय ती बाजा चिकटवून निजतील. ज्याला डोळे मिटायचेत तो उठून आपल्या खोलीत जाईल, कडी लावेल. एकत्र असण्यासाठी सगळ्यांनी एकाच छताखाली एकाच वेळी दिवा मालवायला हवा, असं नाही.

मामा : ठीक आहे. तीन खोल्या, सहा सुटे पलंग, ओसरीवर चार बाजा, एक बाज राखीव. संडासाजवळची खोली म्हाताऱ्यांची. जमिनीवर शहाबादी फरशी मीच टाकणार, ती थंड राहते. आणि पाटीवर लिहिणार: दहा माणसांची सोय.

इथं दोघांचं एकमत झालं आणि माझंही तेच मत आहे. मोकळी, सरकती, कुणालाही सामावून घेणारी जागा ही आपल्या घरांची चांगली परंपरा आहे आणि तिच्यातलं माणसांचं प्रेम खरं आहे. पण भाड्यानं दिलेल्या घरात पाहुण्यानं पैसे मोजलेले असतात, आणि त्या पैशात कुटुंबातल्या प्रत्येकाची झोप धरलेली असते. तिथं कमी पडलेली जागा एका बाईच्या समजूतदारपणानं भरून काढणं योग्य नाही. उलट, नुसते महागडे पलंग भरूनही काम होत नाही. सुटे पलंग, हलत्या बाजा, म्हाताऱ्यांसाठी योग्य उंची, सापविंचवापासून आडोसा, दाराकडची मोकळी वाट आणि आधी केलेली विचारपूस, हे सगळं लागतं.

जळकोट, उदगीर, मुखेड, कंधारकडं असं घर बांधणाऱ्यांना एक विनंती आहे. नकाशा पुरा झाला की एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकाला अंथरूण नेमून द्या. सुरुवात आजोबांपासून नको, घरात सगळ्यात शेवटी निजणाऱ्या माणसापासून करा. घर भाड्यानं घेणाऱ्या कुटुंबांनीही फोनवर दर विचारताना हेच विचारावं: तुमच्याकडं पुरी अंथरुणं किती आहेत? जेवढी पुरी अंथरुणं, तेवढ्याच माणसांचं ते घर. जाहिरातीत त्याहून मोठा आकडा लिहू नये.